आमसुलाचं चॉकलेट

रविवार, रात्री साडेदहा

आज डार्क चॉकलेटमध्ये आमसूल घातलं. इतकं छान झालंय की झोपायच्या आधी लिहून ठेवायलाच हवं.

बरेच दिवस मनात होतं. चॉकलेटात आंबट म्हटलं की दुकानात संत्र्याची साल, रास्पबेरी, फार तर क्रॅनबेरी. आणि आमच्याकडे मालवणहून आत्या दर वर्षी सोलांची पिशवी पाठवते, ती आमटीत आणि कढीत संपते. मला याचं खरंच वाईट वाटायचं. कोकोला आंबट वर्ज्य नाही. फळ फोडल्यावर त्याच्या बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात. त्यात तयार झालेलं आम्ल पुढे वाळवताना, भाजताना बरंचसं उडून जातं, तरी थोडं मागे राहतंच. चांगल्या डार्क चॉकलेटला जी फळाची चव येते, ती बरीचशी या आंबवण्यातून. मग त्याच्या जोडीला आमसूल का नको?

प्रश्न होता ओलाव्याचा. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालता येत नाही. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब गेले तरी ते आळतं आणि त्याचा रवाळ गोळा होतो. आमसूल वाळलेलं असलं तरी मिठामुळे हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि चिवट राहतं. म्हणून सकाळी ओव्हनमध्ये ६० अंशांवर पसरून ठेवली, ती पार कडक होईपर्यंत. बोटांत धरून मोडल्यावर कट्‌कन आवाज आला, तेव्हाच बाहेर काढली. मिक्सरमधून फिरवली, वस्त्रगाळ केली. सालं काळी दिसत होती, पूड मात्र जांभळट लाल पडली. चिमूटभर जिभेवर ठेवली तर कानशिलं आवळली. एवढा आंबटपणा उगीच नाही येत. साली कोकमाच्याच रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या. मे महिन्यात पाऊस यायच्या आत हे सगळं उरकायला आत्या दिवसभर अंगणात असते.

चॉकलेट ७० टक्के कोकोचं घेतलं, २०० ग्रॅम. आधी ४८ अंशांपर्यंत वितळवलं, ढवळत ढवळत २८ वर उतरवलं, मग हलकेच ३१ वर आणलं. पुण्यात सध्या थंडी आहे, त्यामुळे हे निवांत करता आलं. मग लहान चमचाभर पूड. वेगळं मीठ घातलं नाही, आमसुलातलं पुरतं.

संध्याकाळी वडी मोडली. पहिल्यांदा नुसता कोको लागतो, कडू आणि जरा भाजका. मग साखर. आमसूल कुठे गेलं असं वाटेपर्यंत चॉकलेट विरघळतं आणि जिभेच्या दोन्ही कडांना आंबट-खारट लागतं, तोंडाला पाणी सुटतं. लिंबासारखं ते लगेच डोक्यात जात नाही. गिळल्यानंतरही बराच वेळ राहतं, आणि त्यामुळे कडूपणा मागे रेंगाळत नाही. संत्र्याच्या चॉकलेटमध्ये मला नेहमी दोन चवी वेगवेगळ्या लागतात. इथे एकच चव आहे, जी तोंडात बदलत जाते.

आत्याला फोन केला. "चॉकलेटात सोलां कोण घालता गो?" तिचा पहिला प्रश्न.

मग तिला कोकमतेलाचं सांगितलं. आजी थंडीत टाचांच्या भेगांना लावायची तो पांढरट गोळा, कोकमाच्या बियांचा. तेच तेल चॉकलेटातही चालतं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमात कोकोबटरखेरीज सहाच वनस्पती-स्निग्धांना चॉकलेटात परवानगी आहे, तीही ५ टक्क्यांपर्यंत, आणि त्या सहांत आपलं कोकम आहे. शिवाय आंब्याच्या कोयीचं आणि साल वृक्षाच्या बियांचं तेलही. कोकोबटर साधारण ३४ अंशांना वितळतं, कोकमतेल त्याच्याहून थोडं उशिरा, म्हणून उकाड्यात चॉकलेट घट्ट राहायला त्याची मदत होते. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडे कितीतरी घरी बिया नुसत्या उकिरड्यावर जातात. तिच्या आवाजातली हळहळ मलाही लागली. साल, रस, बी, या फळाचं काहीच वाया घालवायला नको, आणि तरी आपण त्याला सरबताच्या बाटलीपुरतं ठेवलंय.

मेक्सिकोत लोक कोको प्यायचे तेव्हा त्यात मिरची असायची, साखर नव्हती. खायची चॉकलेटची वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने केली ती १८४७ मध्ये. चॉकलेट म्हणजे गोडच, ही सवय तशी अलीकडची. कोकणातल्या कुणीतरी आमसुलाचं चॉकलेट नीट, मोठ्या प्रमाणावर करावं असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या खेपेला पूड थोडी वाढवणार. अर्धी आत, अर्धी साच्यात तळाला भुरभुरवायची, म्हणजे आंबट सुरुवातीलाही लागेल. आत्याकडून बिनमिठाची सोलंही मागवली आहेत, मिठाचं प्रमाण मग माझ्या हातात राहील. चार वड्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्यात, उद्या तिला कुरिअर करायच्या.