ब्लॉक एडिटरमध्ये पोस्ट टाइपची यादी मिळवताना: माझा अनुभव

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीसाठी एक छोटा ब्लॉक, म्हणजे पानात बसवायचा तुकडा, लिहीत होते. लिहिणाऱ्याने उजवीकडच्या साइडबारमध्ये ड्रॉपडाउनमधून पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार: पोस्ट, पृष्ठ वगैरे) निवडायचा, की त्या प्रकारातल्या ताज्या नोंदी ब्लॉकने दाखवायच्या, एवढंच काम. नोंदी दाखवण्याचा भाग पटकन झाला. ड्रॉपडाउनमध्ये कुठले प्रकार दिसावेत, यात मात्र मी बराच काळ अडकून पडले.

पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत, हे एका ओळीचं काम आहे. साइटवर नोंदवलेले सगळे प्रकार सर्व्हरला माहीतच असतात. पण डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून एडिटर हा ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम झाला आहे. त्याला स्वतःला काही ठाऊक नसतं, तो रेस्ट एपीआयला, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवण्याच्या ठरलेल्या मार्गाला, विचारतो. एपीआय जे सांगेल तेवढीच त्याच्यापुरती साइट.

विचारायची रीत सोपी आहे. ‘कोअर’ नावाच्या डेटा स्टोअरमधून (एडिटर आणलेली माहिती जिथे ठेवतो तिथून) ‘गेटपोस्टटाइप्स’ मागवायचं, तेही ‘यूझसिलेक्ट’ या स्टोअर वाचणाऱ्या फंक्शनच्या आत. मी मागवलं, आलेल्या यादीवर ‘मॅप’ (प्रत्येक प्रकारातून एक पर्याय बनवण्यासाठी) लावला आणि ब्लॉकच्या जागी ‘या ब्लॉकमध्ये त्रुटी आली’ अशा अर्थाची पट्टी उमटली. ब्राउझरचा कन्सोल सांगत होता की ‘नल’वर, म्हणजे रिकाम्या किमतीवर, मॅप चालत नाही. हे तसंच व्हायला हवं होतं. पहिल्यांदा हाक मारली की स्टोअर हात रिकामे दाखवतं आणि मागच्या मागे सर्व्हरकडे विनंती पाठवतं. उत्तर आलं की तोच घटक (कंपोनंट) पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने रंगवला जातो, आणि तेव्हा यादी हातात पडते. म्हणून ‘अजून आलं नाही’ आणि ‘आलं, पण रिकामं आहे’ या दोन अवस्था कोडमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात. ६.१ पासून ‘यूझएन्टिटीरेकॉर्ड्स’ हा हुक (तयार फंक्शन) आहे. तो यादीबरोबर ‘हॅझरिझॉल्व्ड’ (उत्तर आलं का) ही खूणही देतो, त्यामुळे मी तोच घेतला. स्टोअर टाळून एपीआय-फेच या फंक्शनने थेट मागवणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे यादी येत नाही, स्लगच्या (प्रकाराच्या कोडमधल्या छोट्या नावाच्या) किल्ल्या असलेला ऑब्जेक्ट येतो. स्टोअर आपल्यासाठी त्याची यादी करून देतं.

यादी आली, पण अर्धवट. मला हवे असलेले शेवटचे काही प्रकार गायब. नेटवर्कच्या टॅबमध्ये बघितलं तर सर्व्हरने ते पाठवले होते! सर्व्हर सगळे देतोय आणि माझ्या हातात मोजून दहा. कारण असं की ‘टाइप्स’च्या पत्त्यावर पानांची विभागणी नाहीच, सर्व्हर सगळं एकदम देतो. पण स्टोअरचा आपला स्वतःचा नियम आहे: ‘पर_पेज’ (एका वेळी किती) सांगितलं नाही तर दहा. पोस्टची यादी असो वा प्रकारांची, तो दहावरच कापतो. वर्डप्रेसचे स्वतःचेच प्रकार आता इतके झालेत की आपले मागे राहिलेले सहज कापले जातात. ‘पर_पेज’ला उणे एक दिलं की सगळे मिळतात. (हीच युक्ती पोस्टवर वापरताना जरा जपून. तिथे उणे एक म्हणजे शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी साइटवरच्या सगळ्या पोस्ट खेचणं.)

आता उलटा प्रश्न आला, नको तेही दिसू लागलं. टेम्प्लेट, टेम्प्लेटचे भाग, नॅव्हिगेशन, पॅटर्न, मेनूतल्या नोंदी, मीडिया, हे सगळे वर्डप्रेसच्या लेखी पोस्ट टाइपच. लिहिणाऱ्याला ड्रॉपडाउनमध्ये ‘टेम्प्लेट पार्ट्स’ दाखवण्यात काय अर्थ? क्वेरी लूप हा वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक हे कसं करतो ते उघडून पाहिलं. तो ‘व्ह्यूएबल’, म्हणजे ज्यांच्या नोंदींना साइटवर स्वतःचं पान आहे, असेच प्रकार ठेवतो आणि त्यातून मीडिया वगळतो. मीही तेच केलं. यादी स्वच्छ झाली.

मग चाचणीसाठी लेखकाच्या, म्हणजे ‘ऑथर’ भूमिकेच्या खात्यातून लॉगिन केलं, आणि ड्रॉपडाउनमधून ‘पृष्ठे’ गेलेली. माझ्या अ‍ॅडमिन खात्यात ती दिसत होती. या कोड्याने मला सगळ्यात जास्त दमवलं, कारण कन्सोलमध्ये एकही चूक नव्हती. मूळ होतं ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये, म्हणजे माहिती कशासाठी हवी ते सांगणाऱ्या विनंतीतल्या भागात. स्टोअर ही यादी मागवताना कॉन्टेक्स्ट ‘एडिट’ असा सांगतो. त्या कॉन्टेक्स्टमध्ये सर्व्हर प्रत्येक प्रकारासाठी विचारतो, या व्यक्तीला हा प्रकार संपादित करता येतो का? ऑथरला पोस्ट लिहिता येतात, पृष्ठं नाही. म्हणून पृष्ठं यादीतून गुपचूप वगळली जातात. ज्या प्लगइनने आपल्या प्रकारासाठी वेगळ्या क्षमता (परवानग्या) ठरवल्या पण त्या कुठल्याच भूमिकेला दिल्या नाहीत, त्याचा प्रकार तर अ‍ॅडमिनलाही दिसत नाही.

संपादनाच्या दृष्टीने हा नियम बरोबरच आहे. पण माझ्या ब्लॉकला काही संपादित करायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. मग कॉन्टेक्स्ट ‘व्ह्यू’ दिला. पृष्ठं परत आली, पण ‘व्ह्यूएबल’ हे क्षेत्र गेलं. ते फक्त ‘एडिट’मध्ये येतं, आणि माझी चाळणी तर त्याच्यावरच उभी होती.

तेवढ्यात लक्षात आलं की ती चाळणीच माझ्या कामाची नव्हती. त्या साइटवर प्रश्नोत्तरांचा एक प्रकार होता. त्यातल्या नोंदींना स्वतःचं पान नव्हतं, त्या दुसऱ्या पानांत गुंफून दाखवायच्या. स्वतःचं पान नाही म्हणजे ‘व्ह्यूएबल’ नाही, म्हणजे क्वेरी लूपच्या पद्धतीने तो प्रकार बाहेर. आणि माझा ब्लॉक मुख्यतः त्याच्यासाठीच हवा होता! शेवटी ‘व्ह्यू’ कॉन्टेक्स्ट ठेवला आणि वगळायची यादी स्वतः लिहिली. ‘डब्ल्यूपी_’ने सुरू होणारा कुठलाही स्लग बाहेर, शिवाय मेनूतल्या नोंदी आणि मीडिया बाहेर. हा उपसर्ग वर्डप्रेस स्वतःसाठी वापरतो आणि प्लगइन लिहिणाऱ्यांना तो टाळायला सांगतो, त्यामुळे हा नियम बऱ्यापैकी टिकाऊ आहे. दिसायला सुंदर नाही, पण काय होतंय ते वाचणाऱ्याला कळतं.

तरीही एक प्रकार येईना. तो दुसऱ्याच कुणाच्या प्लगइनने नोंदवला होता, ‘शो_इन_रेस्ट’ (रेस्ट एपीआयमध्ये दाखवा) न देता. ही सेटिंग मुळात बंद असते. ‘पब्लिक’ खरं असलं तरी ती आपोआप चालू होत नाही. आणि ती बंद असेल तर तो प्रकार एडिटरच्या जगात अस्तित्वातच नाही. दुसऱ्याच्या फायलीला हात न लावता ‘रजिस्टर_पोस्ट_टाइप_आर्ग्स’ या फिल्टरमधून (वर्डप्रेसमधली मूल्यं वाटेत बदलण्याच्या सोयीतून) ती चालू करता येते. दोन ओळींचं काम, पण त्या दोन ओळी लिहिण्याआधी थांबायला हवं. त्या प्रकाराला ‘एडिटर’चा आधार (मजकूर लिहिण्याची सोय) असेल तर त्याचा संपादनाचा पडदा जुन्या एडिटरवरून ब्लॉक एडिटरवर जातो. तिथे रोज काम करणारी माणसं सकाळी येऊन गोंधळतात. ते नको असेल तर ‘यूझ_ब्लॉक_एडिटर_फॉर_पोस्ट_टाइप’ हा फिल्टर लावून जुना पडदा राखता येतो, मी तेच केलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: रेस्ट चालू झालं की त्या प्रकारातल्या प्रकाशित नोंदी लॉगिन न केलेल्या कुणालाही एपीआयमधून वाचता येतात, मग त्यांना स्वतःचं पान असो वा नसो. अंतर्गत टिपणं कुणी अशा प्रकारात ‘प्रकाशित’ करून ठेवली असतील तर ती उघडी पडतील. आमच्याकडे तसं काही नव्हतं, पण ते एकेक नोंद तपासूनच ठरवलं.

एक किरकोळ बाब. चाळणी मी आधी ‘यूझसिलेक्ट’च्याच आत लावली होती. जावास्क्रिप्टचा ‘फिल्टर’ दर वेळी नवी यादी बनवतो, त्यामुळे काहीही बदललेलं नसताना घटक पुन्हा पुन्हा रेंडर होऊ शकतो. स्क्रिप्ट डीबग (चुका शोधण्याची सेटिंग) चालू असेल तर कन्सोल तशी सूचनाही देतो. चाळणी बाहेर काढून ‘यूझमेमो’त (आधीचं उत्तर लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनमध्ये) ठेवली की झालं.

ब्लॉकमध्ये जतन काय करायचं, हेही ठरवावं लागलं. नाव नाही, स्लग. नाव भाषेनुसार बदलतं. आणि नोंदी एपीआयमधून थेट मागवायच्या असतील तर स्लगही पुरत नाही, ‘रेस्ट_बेस’ (एपीआयमधल्या पत्त्याचा तुकडा) लागतो. ‘पोस्ट’चा पत्ता ‘पोस्ट्स’ असतो आणि ‘अटॅचमेंट’चा चक्क ‘मीडिया’. स्लगला ‘एस’ जोडून पत्ता बनवणारा कोड मी पाहिला आहे. काही प्रकारांना तो चालतोही, म्हणून तर ती चूक सापडायला उशीर लागतो.

राहिला तो प्रकार जो उद्या नसेल. प्लगइन बंद केलं की त्याने नोंदवलेला प्रकार यादीतून जातो, पण जुन्या ब्लॉकमध्ये स्लग तसाच असतो. अशा वेळी ड्रॉपडाउन पहिला पर्याय निवडल्यासारखा दाखवतो आणि जतन केलेली किंमत मात्र जुनीच राहते. लिहिणाऱ्याला वाटतं ‘पोस्ट’ निवडलंय, पानावर मात्र काहीच नाही. म्हणून जतन केलेला स्लग यादीत सापडला नाही तर तोच स्लग ‘सध्या उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह पर्यायांत घालते. हे यादी पूर्ण आल्यावरच करायचं, नाहीतर पान उघडताक्षणी चांगल्या प्रकारांवरही तो शेरा दिसून जातो. सर्व्हरच्या बाजूला नोंदी काढण्याआधी ‘पोस्ट_टाइप_एक्झिस्ट्स’ची तपासणी आहे. प्रकार नसेल तर ब्लॉक काहीच छापत नाही.