नक्त आणि नक्त्स

"लाटव्हियन म्हणे संस्कृतातूनच निघाली?"

गावी गेले की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून मग विचारला. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर कुठला तरी फॉरवर्ड आलेला असतो, आणि मी नऊ वर्षं लाटव्हियाच्या राजधानीत, रीगात राहते म्हणजे मला माहीत असणारच. आजवर मान हलवून वेळ मारून नेली. आता पुन्हा विचारलंत, म्हणून सांगते. पण अख्ख्या भाषेचं नाही, एकाच शब्दाचं.

लाटव्हियनमध्ये रात्रीला 'नक्त्स' म्हणतात. पहिल्या दिवशी शिक्षिकेनं तीनदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा लक्षात आलं, शेवटी आहे तो आपल्या 'चोर'मधला च. 'चहा'तला नव्हे. 'नक्' म्हणायचं आणि चोराचा च पुढे चिकटवायचा, झालं.

आणि लगेच आजी आठवली. आजी श्रावणात नक्त करायची. दिवसभर काही खायचं नाही, अंधार पडून चांदणी दिसली की एकदाच जेवायचं. आम्ही पोरं तिच्यासाठी अंगणात उभी राहून चांदणी शोधायचो. नक्त म्हणजे उपवासाचा एक प्रकार, एवढंच तेव्हा ठाऊक. मुळात त्याचा अर्थ 'रात्र' हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बहुतेक आजीलाही सांगता आलं नसतं. आपण बोलायला 'रात्र' घेतली आणि 'नक्त' देवघरात ठेवून दिलं. इथं मात्र तोच शब्द ट्रामच्या वेळापत्रकावर, हॉटेलच्या बिलावर, शेजारच्या पोराच्या तोंडी.

मग आली ना संस्कृतातून? नाही. लिथुआनियनमध्ये 'नक्तिस' आहे, जर्मनमध्ये 'नाख्ट', रशियनमध्ये 'नोच', लॅटिनमध्ये 'नॉक्स'. या सगळ्यांची पणजी एक, आणि त्या पणजीचं लिहिलेलं एक अक्षर कुणाकडे नाही. संस्कृत ही तिच्याच एका शाखेतली. म्हणजे लाटव्हियन संस्कृतची मुलगी नव्हे, लांबची चुलत बहीण. तरीही चुलत बहिणींचे चेहरे कधी कधी इतके जुळतात की दचकायला होतं. ऋग्वेदात रात्र आणि उषा यांची जोडी 'नक्तोषासा' अशी एका शब्दात येते. लाटव्हियनमध्ये पहाटेला 'औस्मा' म्हणतात, तीही त्याच उषेच्या घराण्यातली. अग्नी म्हणजे 'उगुन्स', धूर म्हणजे 'दूमि', स्वप्न म्हणजे 'सप्निस'. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना ही यादी फार आवडते, म्हणून मी ती इथंच थांबवते.

मला खरी मौज वाटते ती विभक्तीची. 'रात्री ये' म्हणताना आपण 'रात्रीमध्ये' म्हणत नाही, नुसतं 'रात्री' पुरतं. तेही तसंच करतात: 'नक्ती' म्हणजे रात्री. शेवटी आपल्यासारखाच दीर्घ ई. हाच शेवट ऱ्हस्व केला, 'नक्ति', की ती झाली द्वितीया, आणि तिचा अर्थ 'रात्रभर' असाही होतो. शाळेत पहिली वेलांटी की दुसरी यावरून माझे मार्क कापले जायचे आणि मी बाईंवर चिडायचे, कारण अर्थ तर दोन्हीकडे तोच. इथं तो बदलतो. त्यांच्या जुन्या लोकगीतांत चार ओळींचं एक गाणं आहे, त्यात हा 'नक्ति' येतो. सूर्य तिथं बाई आहे. गाण्याचा मतलब असा: सूर्यबाई रात्रभर झोपते असं जो म्हणाला तो खोटारडा, काल जिथं मावळली तिथंच का ती आज उगवली? आमच्या आजीनं हे जात्यावर म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईंनी केक दिला होता. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, नीटनेटक्या. त्यांचं ताट परत द्यायचं होतं. जिन्यात भेटल्या तेव्हा मी ऐटीत लाटव्हियनमध्ये म्हटलं, "रात्री नऊला येते." 'नक्ती' वापरलं, विभक्ती अचूक, स्वतःवरच खूश. बाईंचा चेहरा पडला. "रात्री? काय झालं? कुणी आजारी आहे का?"

त्यांच्याकडे नऊ ही रात्र नव्हेच. ती 'वकर्स', संध्याकाळ. दहाही संध्याकाळ, अकराही संध्याकाळच. नक्त्स सुरू होते बाराच्या पुढे, आणि चार-पाच वाजले की सकाळ. आपल्याकडे दिवेलागण झाली, जेवणं आटोपली की रात्र. रात्रीचे आठ म्हणताना आपल्याला काहीच वाटत नाही. त्यांच्या कानाला मी मध्यरात्री दार वाजवणार होते, तेही ताट द्यायला. तेव्हापासून बाई मला जिन्यात हसून विचारतात, "आज नक्ती की वकर्स?"

यामागे हवामान असावं असा माझा तर्क आहे. रीगात 21 डिसेंबरला सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. अंधार म्हणजे रात्र असं धरलं तर माणसानं ऑफिसातून 'रात्री' निघायचं, भाजी 'रात्री' घ्यायची, पोरानं शाळेतून 'रात्री' यायचं. जगणं कठीण होईल. जूनमध्ये उलट: सूर्य मावळतो सव्वादहानंतर आणि साडेचारला पुन्हा हजर. तेव्हा त्यांनी रात्र आभाळावरून काढून घड्याळावर टांगली. श्रावणाची सुरुवात जुलैअखेरीस आली तर इथं सूर्यास्तच साडेनऊनंतर. इथं नक्त केलं असतं तर आजी चांदणीच्या नावानं बोटं मोडत बसली असती.

जूनमधल्या त्या सर्वांत छोट्या रात्रीला तर ते झोपतच नाहीत. 23 तारखेची संध्याकाळ ते 24ची पहाट, 'याञु नक्त्स', म्हणजे 'याञि' या सणाची रात्र. शेकोट्या, ओव्याच्या चुलतभावंडासारखं दिसणारं कॅरवे नावाचं बी घातलेलं चीज, बिअर, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे जाडजूड मुकुट. या रात्री जो झोपला तो उन्हाळाभर झोपाळू राहतो, असं म्हणतात. मी पहिल्या वर्षी दोनला पेंगले, अजून ऐकवतात.

जोडशब्दांत हा शब्द फार कामाचा. 'नक्त्समायस', शब्दशः रात्रीची घरं, म्हणजे वाटसरूनं रात्रीपुरतं टेकायची जागा. आपल्या गावात मुक्कामी यायची ती वस्तीची एसटी आठवते मला. पतंग म्हणजे 'नक्त्सतौरिञ्श', रात्रीचं फुलपाखरू. आपण दिव्यावर झडप घालणाऱ्याला फुलपाखराचा मान देत नाही. 'नक्त्सवियोले' नावाचं पांढरं रानफूल आहे, संध्याकाळ झाली की वास सोडतं. रातराणीची बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त ही कुंपणाला चढत नाही, गवतात एकेकटी उभी असते.

पण माझा लाडका शब्द 'दिएन्नक्त्स'. दिवस आणि रात्र मिळून चोवीस तास. एका हिवाळ्यात तापानं फणफणले होते, रात्री (खऱ्या, दोनच्या) औषधाला बाहेर पडले. एका दुकानाच्या पाटीवर हा शब्द उजळलेला. ताप असूनही मी थांबून दोनदा वाचला. अहोरात्र! आपण हा शब्द आता सत्कारातच काढतो, 'अहोरात्र परिश्रम घेतले' म्हणायला. इथं तो चक्क पॅरासिटामॉल विकत होता.

निघताना, झोपताना म्हणायचं 'आर लाबु नक्ति', म्हणजे शुभ रात्री. भेटल्याबरोबर म्हणायचं नाही. मी तेही करून बसले आहे.

डिसेंबरात आईला व्हिडिओ कॉल लावते तेव्हा इथं साडेचार, तिकडे आठ. ती जेवण उरकून बसलेली. माझ्यामागच्या खिडकीत काळंकुट्ट.

"झाली का गं रात्र तुमच्याकडे?"

"नाही आई, संध्याकाळ आहे."

"मग अंधार कसला तो?"

"संध्याकाळचाच."

"बरं," ती म्हणते, आणि चष्मा वर सरकवून खिडकीकडे पुन्हा बघते.