इस्कियातला स्पा आणि डॉक्टरांची सही

इटलीतल्या इस्किया बेटावर स्पा हॉटेल ठरवत असाल, तर पैसे भरण्याआधी त्यांना एवढंच विचारा: तुमचे डॉक्टर कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत असतात? त्यांनी तपासून सही केल्याशिवाय मुख्य उपचार मिळत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. हॉटेलने पलंग कसा हवा ते विचारलं, खोलीत फुलं ठेवायची का विचारलं, वाइन चालते का तेही विचारलं. डॉक्टरांचा उल्लेख मात्र बुकिंगच्या एकाही मेलमध्ये नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लग्नाची पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून निघालो होतो. व्हिसा, विमान सगळं वेळेत झालं. (शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका.) नेपल्सहून इस्कियाला हायड्रोफॉइलने, म्हणजे वेगवान बोटीने, तासाभरात पोहोचता येतं, मोठ्या फेरीबोटीला दीड तास लागतो. बोट लागते ते गोल बंदर म्हणजे ज्वालामुखीचं विवर. त्यात पूर्वी तळं होतं, १८५४ मध्ये समुद्राकडची कड फोडून बंदर केलं. बेटावरचा शेवटचा उद्रेक १३०२ सालचा. पण जमिनीखालची उष्णता अजून तशीच आहे, आणि त्या उष्णतेवर तापलेल्या पाण्यासाठीच लोक इथे शतकानुशतकं येतात. इटलीचा प्रसिद्ध सेनानी गॅरिबाल्डीसुद्धा जखमी असताना १८६४ मध्ये उपचारांसाठी इथे येऊन राहिला होता.

आम्ही फोरिओ गावात उतरलो, शनिवारी दुपारी. खोली सुंदर होती, गच्चीतून समुद्र दिसत होता. आम्ही 'दोघांसाठी' म्हणून जे पॅकेज घेतलं होतं, त्यात मुख्य गोष्ट होती फांगो, म्हणजे गरम पाण्यात मुरवलेल्या चिकणमातीचा लेप. त्याची वेळ विचारायला रिसेप्शनवर गेलो, तर उत्तर मिळालं, "आधी डॉक्टर तपासतील. सोमवारी सकाळी."

तपासणीबद्दल माझी काही तक्रार नाही. फांगो हा इटलीत वैद्यकीय उपचार मानला जातो. चाळीस अंशांहून गरम माती अंगावर घेतली की हृदयावर ताण येतो, बीपी वरखाली होतं. तपासलंच पाहिजे. पण मग ते आधी कळवायला नको?

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीबाहेर रांग होती. बहुतेक वयस्कर जर्मन आणि इटालियन मंडळी, प्रत्येकाच्या हातात फाइल. दरवर्षी येणाऱ्यांना सगळं माहीत होतं. माझी तपासणी लगेच आटोपली. नवऱ्याचं बीपी मात्र दीडशेच्या वर निघालं. कोणती गोळी घेता? त्याने नाव सांगितलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. साहजिकच आहे, आपण सांगतो ते आपल्याकडच्या कंपनीने दिलेलं नाव, ते तिथे कुणाला कळणार? आणि गोळ्या होत्या वारांच्या डबीत, जशा आपल्याकडे बहुतेक सगळे प्रवासात नेतात. नाव छापलेली गोळ्यांची पट्टी पुण्यात, घरी. शिवाय ईसीजी हवा होता, अलीकडचा.

मुलीला फोन लावला. इटलीत सकाळचे साडेदहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे दोन. ती ऑफिसात. संध्याकाळी घरी जाऊन तिने पट्टीचा फोटो पाठवला, कपाटातल्या फायली उपसून नवऱ्याच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीतला ईसीजीही शोधला. तोवर डॉक्टर केव्हाच निघून गेले होते. मंगळवारी ते येत नाहीत. कागद हातात असूनही बुधवारपर्यंत थांबायचं!

मधल्या वेळात मॅनेजरने सुचवलं, मॅडमना परवानगी आहे, त्यांनी लेप घ्यावा, सर पूलजवळ आराम करतील. मी स्वच्छ नाही म्हटलं. इतक्या वर्षांनी दोघं मिळून आलो ते मी एका खोलीत आणि तो दुसरीकडे, यासाठी नाही.

तेव्हा त्या संध्याकाळी आम्ही बसने पान्झाला आणि तिथून खाली सोर्जेतोला गेलो. दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून उतरा. खाली छोटी खाडी, आणि तिच्यात खडकांमधून थेट समुद्रात येणारे गरम पाण्याचे झरे. दगड रचून लोकांनी छोटे हौद केलेत. झऱ्याच्या तोंडाशी चटका बसतो, लाट आली की पाणी सोसवेल इतकं कोमट होतं. हाताने अंदाज घेत जागा शोधायची. दगड निसरडे आहेत, रबरी चपला घाला. तिकीट नाही, फॉर्म नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही मानेपर्यंत पाण्यात बसून होतो. सगळ्या सहलीतली माझी सर्वांत आवडती संध्याकाळ हीच.

बुधवारी डॉक्टरांनी फोटोतल्या पट्टीवरचं 'टेल्मिसार्टन' हे औषधाचं नाव वाचलं, ईसीजी पाहिला, बीपी पुन्हा मोजलं आणि सही केली. नवऱ्यासाठी माती कमी गरम आणि वेळही कमी, एवढीच अट. म्हणून सांगते, बीपीची किंवा कुठलीही रोजची गोळी असेल तर आतल्या औषधाचं नाव कागदावर लिहून न्या, आणि ताजा ईसीजी फोनमध्ये ठेवा.

लेप मात्र खरंच सुखाचा. शेजारी शेजारी दोन पलंग, पाठीखाली गरम राखाडी माती, वरून चादरीत घट्ट गुंडाळलेले. हात हलवता येत नाहीत, त्यामुळे फोनही नाही. मग गरम पाण्याचा टब, आणि त्यानंतर पांघरूण घेऊन घाम येऊ द्यायचा. मंगळसूत्र, अंगठ्या आधीच खोलीतल्या तिजोरीत ठेवा. पूलमध्ये पोहण्याची टोपी लागते, ती घरूनच न्या. आणि हिवाळ्यात जाऊ नका, बरीच हॉटेलं तेव्हा बंद असतात.

निघताना बिलात हुकलेल्या लेपांचे पैसे लावलेले होते. मॅनेजर म्हणाले, पॅकेजचे पैसे परत होत नाहीत. मी फोनवर सगळे मेल एकेक करून त्यांच्यासमोर उघडले आणि म्हटलं, यात डॉक्टर हा शब्द दाखवा. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि पैसे वजा केले. बुकिंगच्या मेलमध्ये यापुढे डॉक्टरांच्या वेळा लिहा, असंही मी सांगून आले. घरी आल्यावर, तसं केलंत का, म्हणून विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.