उंबऱ्यावरचं वजन

२०१८ सालचा मे संपत आला होता. सकाळी साडेसातला आमच्या काजू कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रकच्या जागी फोर्कलिफ्ट उभी होती, आणि काट्यावरचा मुलगा खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होता, "मॅडम, पावती कोणाच्या नावावर फाडू?"

"पावती नको. आकडा सांग."

"३,४२०."

तो आकडा मी वहीत लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली. सोमवारी ज्या लिफ्टचा ॲडव्हान्स जाणार होता, ती होती २ टनांची.

कारखाना गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. मी तिथे मेंटेनन्स बघते. मार्च ते मे या तीन महिन्यांत गावागावांतून काजूबी येते, ती वाळवून, पोत्यांत भरून पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची असते. तळमजल्यावर थप्पी लावली की पावसाळ्यात खालच्या थराची पोती दमट होतात, बीला बुरशीचा वास येतो. एकदा गराला तो वास लागला की भाजून, सोलून, काही करून तो जात नाही. म्हणून मालकांनी, म्हणजे आमच्या भाईंनी, गोदामावर दोन मजले चढवले. आता माल वर न्यायला लिफ्ट हवी होती.

तीन कोटेशनं आली. तिघांचाही हिशेब एकच होता. पोतं ८० किलोचं, एका पॅलेटवर (पोती रचायच्या लाकडी चौकटीवर) १२ पोती म्हणजे ९६० किलो, लाकडी पॅलेटचे ४० धरले की झाला १ टन. एका खेपेला दोन पॅलेट, म्हणून २ टनांची लिफ्ट. खरं सांगायचं तर माझाही हिशेब तोच होता. तुलनेचा तक्ता मीच केला होता आणि भाईंना तो आवडला होता.

मला अडवलं आमच्या मुकादमकाकांनी. तीस वर्षं पोती मोजणारा माणूस. आदल्या संध्याकाळी ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं होतं. ते वाकून बघत म्हणाले, "बाय, पॅलेट आत कोण नेणार?"

"फोर्कलिफ्ट दारात ठेवणार. तिथून हाताच्या पॅलेट ट्रकने आत ओढायचं."

"मार्चात ट्रकांची रांग फाटकाबाहेर जाते. तेव्हा दारात ठेवून परत हाताने ओढायला कोण थांबतो? आमचा ड्रायव्हर फोर्क सरळ आत घालणार. आणि फोर्कच्या मागून चाकं जाणारच ना?"

मी म्हटलं, बोर्ड लावू. ते काही बोलले नाहीत, फक्त ड्रॉइंगवरच्या दारावर बोट ठेवून उभे राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आत मी फोर्कलिफ्ट काट्यावर आणवली.

रिकामी ३,४२० किलो. मग ड्रायव्हरला सांगितलं, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेव, मागची बाहेरच्या काँक्रिटवर राहू देत. १,४२०. म्हणजे मागच्या चाकांवर २,०००. हे बरोबरच होतं, कारण पुढे उचललेल्या मालाला तोलायला या गाडीच्या पाठीत लोखंडाचा गठ्ठा बसवलेला असतो. मग बारा पोत्यांचं पॅलेट उचलायला लावलं आणि पुन्हा पुढची चाकं काट्यावर घेतली. माझा अंदाज होता की १,४२० मध्ये हजार मिळवले की २,४२० होतील.

काट्यावर ३,१०० आले.

मुलाला म्हटलं, काटा शून्य करून परत घे. पुन्हा ३,१००. मागची चाकं मोजली तर २,००० वरून १,३२० वर आली होती. सगळं मिळून ४,४२०, बेरीज चोख. काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "पहार." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पहारीने दगड उचलताना टेकूवर दगडाचं वजन येतं आणि आपला दाबही येतो. इथे टेकू म्हणजे पुढचा आस. पॅलेट त्याच्याही पुढे लटकतं, म्हणून मागच्या चाकांवरचे ६८० किलो उचलून तेही पुढच्या आसावर येऊन बसतात. मी शिकले होते हे, परीक्षेत गणितं सोडवली होती, तरी २ टनांचं कोटेशन हातात घेऊन फिरत होते.

हे ३,१०० किलो लिफ्टमध्ये मधोमध येत नाहीत. ते पहिल्यांदा येतात उंबऱ्यावर, दोन चाकांखाली. पिंजरा पुढे झुकतो, तो ज्यांच्या आधाराने सरकतो त्या गाइड रेलवर आडवा दाब येतो, त्याला पेलणारे तारेचे रोप ताणले जातात, मजला आणि पिंजरा यांच्यात पायरी पडते. ब्रेक तर २ टनांच्या हिशेबानेच बसवलेला. तो घसरला तर फोर्कलिफ्टची पुढची चाकं पिंजऱ्यात, मागची गोदामात, आणि पिंजरा खाली चाललेला. सीटवर आमचा बावीस-तेवीस वर्षांचा, सत्तरी तालुक्यातला मुलगा.

मी हे इतक्या काळजीने का लिहिते आहे, ते सांगायला हवं. आधीच्या नोकरीत एका गोदामात मालाच्या लिफ्टला जाळीचा सरकता दरवाजा होता. दरवाजा वाकडा झाला होता, नीट लागत नसे, त्यामुळे लिफ्ट अडायची. कुणीतरी लॉकच्या संपर्कावर तांब्याची तार गुंडाळून टाकली. लिफ्ट चालू लागली आणि सगळे खूश झाले. त्या तारेमुळे दरवाजा नीट लागलेला नसतानाही पिंजरा निघून जात होता. पॅलेट ट्रक ओढणारा माणूस नेहमी पाठमोरा चालतो. आमचा एक हमाल तसाच पाठमोरा आत गेला, आणि आत पिंजरा नव्हता. पॅलेट ट्रकची चाकं उंबऱ्यावर अडली म्हणून तो मागोमाग त्याच्या अंगावर आला नाही. पाय दोन ठिकाणी मोडला. मी खाली उतरले तेव्हा तो मला म्हणत होता, "मॅडम, पोती भिजतील, आधी ती बघा." चौकशी संपल्यावर ती तार मी मागून घेतली. ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

कारखाना कायद्याचं, १९४८ च्या, कलम २८ तोवर मला नुसतं नावाने माहीत होतं. त्यात लिहिलं होतं की लिफ्ट दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायची, किती वजन चालेल ते ठळक लिहायचं, दाराला असं इंटरलॉक हवं की पिंजरा समोर असल्याशिवाय दार उघडू नये आणि दार लागल्याशिवाय पिंजरा हलू नये. त्या दिवसापासून ते मला पाठ आहे.

साडेनऊला भाई आले. आकडे बघितले आणि म्हणाले, "मग सरळ ५ टनांची घेऊ. फोर्कलिफ्टसकट वर जाऊ दे."

ऐकायला सोपं होतं. पण लिफ्ट फोर्कलिफ्ट पेलते म्हटल्यावर कोणीतरी ती वर नेणारच. वरचा स्लॅब पसरलेल्या थप्पीसाठी धरलेला, दोन चाकांवरच्या ३,१०० किलोंसाठी नाही. इमारतीच्या डिझायनरना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "वर फोर्कलिफ्ट अजिबात नको." भाईंनी फोन ठेवायच्या आत विषय सोडला.

रात्री वाचलेलं इथे कामाला आलं. एएसएमई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या ए१७.१ या मानकात मालाच्या लिफ्टचे वर्ग माल किती यापेक्षा तो आत कसा जातो यावरून पाडले आहेत. हातगाडीने माल भरायचा असेल तर अ वर्ग. त्यात एका नगाचं किंवा भरलेल्या एका हातगाडीचं वजन लिफ्टच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाता कामा नये. म्हणजे आमची २ टनांची लिफ्ट त्या हिशेबाने एका वेळी ५०० किलोंचीच गाडी आत घेऊ शकली असती, आणि आमचं पॅलेट १ टनाचं! फोर्कलिफ्टने भरायचं असेल तर क वर्ग, आणि त्यातही गाडी लिफ्टबरोबर प्रवास करणार की फक्त भरून मागे येणार, असे पोटभाग. फक्त भरून मागे येणार असेल तर क-२. त्यात भरताना पिंजऱ्यावर क्षमतेच्या १५० टक्क्यांपर्यंत वजन येऊ शकतं, आणि तेवढं वजन मोटर, ब्रेक, रोप यांनी जागेवर धरून ठेवलं पाहिजे.

३ टनांचे १५० टक्के म्हणजे साडेचार टन. आमच्या भरलेल्या फोर्कलिफ्टचे ४,४२०. बसत होतं.

काकांनी पुन्हा विचारलं, "आणि दुसऱ्या पॅलेटच्या वेळी? तेव्हा पहिलं आत असेल."

हजार आणि ४,४२०, म्हणजे ५,४२०. नाही बसत.

त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा तास त्यानंतरचा. आम्ही आवारातल्या काँक्रिटवर खडूने पिंजरा काढला. एका विक्रेत्याने ३.५ मीटर खोलीचा पिंजरा सुचवला होता, "मोठा असलेला बरा, मॅडम." आधी तो काढला आणि ड्रायव्हरला पॅलेट घेऊन शेवटच्या रेघेपर्यंत जायला सांगितलं. चारही चाकं खडूच्या चौकोनात आली. मग रेघ पुसून २.६ मीटरवर आणली, एकामागे एक दोन पॅलेट मावतील आणि वर थोडी जागा राहील इतकी. पुन्हा पॅलेट शेवटपर्यंत. या वेळी मागची चाकं रेघेच्या बाहेर राहिली. काकांनी जमिनीवर कोपर टेकून मोजलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. "एक हात बाहेर."

म्हणजे पहिल्या पॅलेटच्या वेळी आत येणार ३,१००. दुसऱ्याच्या वेळी आधीचे १,००० आणि हे ३,१००, मिळून ४,१००. साडेचार टनांच्या आत. पिंजरा लहान केला म्हणून लिफ्ट वाचत होती. ड्रायव्हर खाली उतरून खडूच्या रेघेकडे बघत उभा होता. म्हणाला, "सर लोकांनी आजवर मला कधी विचारलं नव्हतं, गाडी कुठपर्यंत जाते म्हणून." मी त्याला वहीत सही करायला लावली, कारण ते माप त्याचं होतं.

दुपारी तिन्ही विक्रेत्यांना नवी मागणी पाठवली. ३ टन, फोर्कलिफ्टने भरायची, उंबऱ्यावर ३,१०० किलो, पिंजऱ्याची खोली २.६ मीटर, त्याहून एक सेंटिमीटरही जास्त नको. रोप ताणून पिंजरा खाली गेला तर तो आपणहून परत मजल्याच्या पातळीला यावा. दरवाजे जाळीचे नकोत, बंद पत्र्याचे हवेत, आणि लॉकचे संपर्क कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. एकाने कळवलं की एवढं मालाच्या लिफ्टला कोणी मागत नाही. त्याचं नाव यादीतून गेलं.

हायड्रॉलिक की रोपवाली, हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. तीन थांबे, नऊ मीटर चढ. अशा ठिकाणी हायड्रॉलिक चांगली चालते, वजन सरळ जमिनीत उतरतं. पण तिला सहसा काउंटरवेट, म्हणजे पिंजऱ्याला तोलणारं दुसऱ्या बाजूचं वजन, नसतो. पिंजऱ्याचे २ टन आणि मालाचे ३, सगळे ५ टन पंपाने उचलायचे. सेकंदाला पाव मीटर वेग धरला तर घर्षण वगैरे सोडूनच सव्वाबारा किलोवॉट होतात. रोपवालीत पिंजरा आणि अर्धा माल काउंटरवेट तोलतो, मोटरवर दीड टनच उरतो, पावणेचार किलोवॉटच्या आत भागतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी नाचते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. शिवाय तेल. काजूगर वास ओढून घेतो, गोदामाच्या पोटात तेलाची टाकी ठेवायला माझं मन धजेना. रोपवाली ठरली, मशीन वरच्या खोलीत.

राहिला लिफ्टखालचा खड्डा. मिरगाच्या आधी नियोजित जागेवर चाचणीचा खड्डा खणून घेतला, १.६ मीटर. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत, तळाला जांभ्याची लाल भुकटी. ठेकेदार म्हणाला, बघा, पाण्याचं नाव नाही. काका म्हणाले, मागची विहीर श्रावणात बघा. जांभा स्पंजासारखा असतो, पाऊस मुरला की बाजूंनी पाझरतो. जुलैत मी बांबू घालून मोजलं तर पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं. तळाचे धक्का झेलणारे बफर, स्विच, सगळं त्यात बुडालं असतं. मग तो खड्डा काँक्रिटच्या पेटीसारखा बांधला, सगळ्या बाजूंनी वॉटरप्रूफिंग, पाणी साठवायचं कुंड आणि पंप पेटीच्या बाहेर. यात काम दीड महिना लांबलं आणि भाई एकदा माझ्यावर चिडलेही.

डिसेंबरात लिफ्ट चाचणीला आली. चाचणी १२५ टक्के वजनाची, ३,७५० किलोंची. विक्रेत्याचा माणूस लोखंडी वजनं आणणार होता, काकांनी नको म्हटलं. सत्तेचाळीस पोती मोजून आत रचली, म्हणजे ३,७६०. पिंजरा भरून खाली येत असताना मधेच वीज तोडली. ब्रेकचा एक दबका आवाज आला आणि पिंजरा जागच्या जागी थांबला. मी पट्टी लावून दहा मिनिटं बघत राहिले. तो तसूभरही सरकला नाही.

पोती उतरवल्यावर ड्रायव्हरने पहिलं खरं पॅलेट आत घातलं. पुढची चाकं उंबऱ्यावरून जाताना पिंजरा किंचित दबला, मोटर गुरगुरली आणि पिंजरा परत पातळीला आला. पॅलेट मागच्या भिंतीला टेकलं. ड्रायव्हरने गाडी तिथेच धरून ठेवली आणि काकांकडे बघितलं. काका मागच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर बसले, उंबऱ्याला कोपर टेकवला आणि हात लांब केला. मधलं बोट टायरला लागलं.