तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या क्विझमध्ये विमानं का नसतात

"सर, तुम्ही एवढे विमानवेडे, मग तुमच्या क्विझमध्ये लढाऊ विमानांच्या नावांवर एकही प्रश्न कसा नसतो?" दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच. 'वेळ पुरत नाही' असं ठोकून देत आलो. ते खोटं आहे.

तीसेक वर्षं झाली. नाशिकमधली आंतरशालेय स्पर्धा, शेवटची फेरी, दोन संघ बरोबरीत. मी कार्ड उचललं: 'मिग-27 हे विमान कोणत्या नावाने ओळखलं जातं?' ओझरच्या संघातल्या नववीतल्या मुलाने माझं वाक्य संपायच्या आत बझर दाबला. "बहादूर!"

कार्डावर 'फ्लॉगर' होतं. मी "चूक" म्हटलं. प्रश्न पलीकडे गेला, त्यांनी फ्लॉगर सांगितलं, करंडक त्यांचा. मुलगा बसेचना. "सर, पण माझे बाबाच बनवतात ते विमान." हॉल हसला. मीही हसलो. ते हसू अजून घशात अडकतं.

सगळं आवरल्यावर वडील भेटायला आले. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात मिग-27 च्या जुळणीवर होते. भांडले नाहीत. "गुणांचं राहू द्या सर. फ्लॉगर म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "चाबकाने फोडून काढणारा." ते जरा थांबले. "आणि हे नाव कोणी ठेवलं?" "नाटोने." "अच्छा," म्हणाले, पोराच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. आपल्या हवाई दलाने त्याच विमानाचं नाव 'बहादूर' ठेवलंय, हे मला माहीत होतं. कार्ड वाचताना आठवलं नाही, आणि आठवलं तेव्हा स्टेजवर माघार घ्यायची लाज वाटली.

आता माझी बाजूही ऐका. नाटोची पद्धत काही उगाच नाही. सोव्हिएत विमानाचं खरं नाव कळो न कळो, वैमानिकाला रेडिओवर एका शब्दात सांगता आलं पाहिजे. म्हणून फायटरला एफ, बॉम्बरला बी, मालवाहूला सी, हेलिकॉप्टरला एच. पंख्याचं असेल तर इंग्रजी उच्चारात एक सिलॅबल, जेट असेल तर दोन: आन-12 'कब', मिग-29 'फल्क्रम'. आपल्या हवाई दलाची बहादूर, बाज, वज्र ही नावं कानाला गोड, पण त्यावरून विमान काय काम करतं ते कळत नाही. क्विझमास्तराला नियम लागतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावलं.

पण नियम तरी कुठे पाळला जातो? मिग-27 मध्ये शत्रूची विमानं शोधणारं रडारच नाही, त्याचं काम जमिनीवर मारा करायचं. त्याचा एफ मिग-23 कडून वारशात आलेला. अमेरिकेने 1962 मध्ये आपल्या तिन्ही दलांच्या विमानांची नावं एका साच्यात बसवली, आणि नंतर एफ-117 ला फायटरचा एफ दिला. त्याला तोफ नाही, हवेतल्या हवेत मारायचं क्षेपणास्त्र नाही. पोटात दोन बॉम्ब, बस्स. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पी-51 मधला पी 'पर्सूट'चा, म्हणजे पाठलागाचा. आज गोव्यात उतरणाऱ्या नौदलाच्या पी-8आय मधला पी गस्तीचा. सगळ्यावर कडी अमेरिकेच्याच ए-26 ची; त्यातला ए 'अटॅक'चा, म्हणजे हल्ल्याचा. 1948 मध्ये त्याचं बॉम्बरचा बी लावून बी-26 केलं. मग 1966 मध्ये ती विमानं थायलंडमध्ये ठेवायची होती आणि थायलंडला आपल्या भूमीवर बॉम्बर नको होते. झालं, पुन्हा ए-26! घरमालकाला चालावं म्हणून भाडेकरूने आडनाव बदलावं तसं.

म्हणजे 'फ्लॉगर' चूक होतं का? नाही. 'नाटोने दिलेलं नाव कोणतं' असं कार्डावर लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण मग त्या मुलाने बझर दाबलाच नसता, आणि ते मला जास्त बरं वाटलं असतं की कमी, हे अजून ठरत नाही. मिग-27 ची शेवटची तुकडी डिसेंबर 2019 मध्ये जोधपूरला निवृत्त झाली. त्या दिवशी मी ते कार्ड शोधून काढलं, 'फ्लॉगर'पुढे पेन्सिलीने 'बहादूर' लिहिलं, आणि कार्ड परत डब्यात टाकलं.