दोन सुया, एक दोरा आणि चामड्याची पर्स

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी चामड्याची एक पर्स हाताने शिवली. हाताने शिवण्यामागे हौस कमी आणि नाइलाज अधिक होता, कारण १.८ मिलिमीटर जाडीचे दोन थर एकावर एक आले की घरच्या शिलाई मशीनचा जीव पुरत नाही. सुई तरी मोडते, नाहीतर टाके उडतात.

चामडे निवडताना पहिला प्रश्न ते कशाने कमावले आहे, हा असतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ असते आणि पाण्याला फारसे बिचकत नाही, मात्र त्याची कापलेली कड घासून गुळगुळीत होत नाही. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसे वनस्पतिजन्य चामडे सुरुवातीला ताठ असते, पण कड सुंदर बसते आणि वापराने रंग गडद होत जातो. मी दुसरे निवडले. दुकानात ओळखायचे झाल्यास कापलेली कड पाहावी: क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर करडी छटा दिसते.

खरेदीत मात्र मी फसले, आणि तेही स्वतःच्याच हिशेबाने. पुढची-मागची बाजू प्रत्येकी ३० बाय २५ सेंटिमीटर, मधली ८ सेंटिमीटर रुंदीची पट्टी, झाकण आणि दुहेरी पट्टा असे सगळे मिळून साधारण साडेतीन चौरस फूट भरत होते, म्हणून छाट धरून पाच चौरस फुटांचा तुकडा मुंबईहून मागवला. क्षेत्रफळ बरोबर होते. पण ११० सेंटिमीटरचा पट्टा त्या तुकड्यातून कोणत्याही दिशेने निघेना. शिवाय पट्टा पाठीकडच्या भागातूनच काढायला हवा, कारण पोटाकडचे चामडे सैल असते आणि ओझ्याने लांबत जाते. शेवटी दोन तुकडे काढून मध्ये बक्कल घातले.

शिवण मी शिकले ती आमच्या चौकात बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकार बाबांकडून. त्यांचे वडील विहिरीवरच्या मोटा शिवत, आणि पाण्याने भरलेल्या मोटेचे ओझे पेलणारा तोच टाका बाबा आजही चपलांना घालतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या, आरीने आधी भोक पाडायचे आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून राहतात, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवत जाते; या टाक्यात एक बाजू झिजली तरी दुसरी धरून ठेवते. दोरा मेण लावलेला असावा आणि शिवणीच्या सुमारे चौपट लांब घ्यावा. माझी एक शिवण ८० सेंटिमीटरची, म्हणजे ३२० सेंटिमीटर दोरा झाला. तो ओढताना हातच पुरेनात, म्हणून शिवण दोन टप्प्यांत केली. टाके ४ मिलिमीटरवर ठेवल्याने एका शिवणीला सुमारे २०० आणि दोन्ही मिळून ४०० भोके पाडावी लागली. बाबांनी बजावले ते एवढेच, की प्रत्येक टाक्यात आधी जी सुई घालाल तीच शेवटपर्यंत आधी घाला, नाहीतर टाक्यांचा कल बदलतो. मी मध्येच चहाला उठले होते. ती जागा झाकणाखाली आजही दिसते. शेवटी गाठ मारायची नाही, तीन भोके उलट शिवून दोरा कापायचा.

जोडणीच्या कडा शिवण्यापूर्वी रापीने आतून तासून पातळ कराव्या लागतात. रापीला धार नसेल तर ती चामडे कापत नाही, ओढते, आणि हात घसरतो तो अशाच वेळी. शिवून झाल्यावर कडेला पॉलिश पेपर फिरवावा, डिंकाचे पातळ पाणी लावावे आणि गुळगुळीत लाकडाने ती तापेपर्यंत घासावी. माझ्या हाताशी होते ते जुने लाटणे.

हे दुसऱ्या प्रयत्नाचे वर्णन आहे. पहिला प्रयत्न त्याआधीच्या मे महिन्यात झाला होता. झाकणाला गोलाई देण्यासाठी चामडे ओले करून साच्यावर ताणले आणि बिबड्या वाळत घातल्या होत्या त्याच गच्चीवर ठेवले. खानदेशच्या त्या उन्हात दोन तासांत ते आकसले, कडा वर वळल्या, आणि सरळ करायला गेले तर वरच्या थराला तडे गेले. वनस्पतिजन्य चामडे ओले असताना सावलीत, वाऱ्यावर आणि सावकाश वाळवावे लागते. तडे झाकण्यासाठी मी त्यावर भरपूर खोबरेल तेलही चोळले, त्याचे काळपट डाग पडले. त्या तुकड्यातून जेवढे वाचले त्याचे किल्ल्यांचे पाकीट झाले.

नव्या पर्सवर मी तेल जवळजवळ लावलेच नाही, फक्त मधमाशीच्या मेणाचा पातळ हात दिला. बक्कलाची भोके मात्र माझ्या उंचीने पाडली होती. आई पट्टा शेवटच्या भोकावर लावते तरी पर्स तिच्या गुडघ्याला लागते, म्हणून आता आणखी दोन भोके पाडायची आहेत.