गोळीबंद

शेजारच्या आजींनी पहिल्यांदा "थोडं टॅब्लेट घेणार का?" असं विचारलं, तेव्हा मी घाईघाईने म्हणालो होतो, "नको, सर्दी आता बरी आहे." ग्लासगोत येऊन जेमतेम महिना झाला होता. आजींनी हसू दाबलं आणि बटर पेपरची पुडी उघडून एक तपकिरी चौकोन माझ्या हातावर ठेवला. दिसायला विटेचा तुकडा. दाताखाली मात्र रवाळ, ठिसूळ, आणि पुढच्या क्षणी नाहीसा. माझ्या तोंडून चक्क मराठीत "वडी!" असं निघालं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी आणखी दोन दिल्या.

काल दुपारी हे आठवलं ते कपाटात मागे गेलेल्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यामुळे. वजन ३९७ ग्रॅम. हा आकडा मला कायम खुपतो. चारशे करायला यांचं काय जातं? १४ औंसांचं जुनं माप ग्रॅमात बसवलं की असं होतं, हे ठाऊक आहे, तरी खुपतो. बाहेर पाऊस होता, म्हणजे नेहमीचंच. डब्याची तारीख उलटायला आली होती. म्हटलं, टॅब्लेट करूनच टाकू.

किलोभर साखर, सव्वाशे ग्रॅम बटर, कपभर दूध आणि तो डबा. बस्स. पण किलोभर साखर पातेल्यात पडतानाचा आवाज ऐकून आपल्याकडच्या कुणाचाही हात आखडणारच. गेल्या खेपेला मी शहाणपणा करून पाव किलो कमी घातली होती. झालं ते चिकट आणि मऊ. आजींनी चाखून पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाल्या, "छान आहे. फज झालंय." टॅब्लेट करायला बसलेल्याला इथे यापेक्षा वाईट काही ऐकवता येत नाही. या वेळी मी डोळे मिटून सगळा किलो ओतला.

पाककृतीत ११५ अंश वगैरे लिहिलेलं असतं. आजी थर्मामीटरला हात लावत नाहीत. त्या बशीत गार पाणी घेतात, त्यात थेंब सोडतात आणि दोन बोटांत धरून बघतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो की कराडला आजीच्या, असा घोटाळा झाला क्षणभर. आमची आजीसुद्धा वाटीत पाणी घेऊनच बसायची. थेंब पसरला की "अजून नाही", गोळी वळली की "उतरव, उतरव, उतरव!" असा एकदम आरडाओरडा. गोळीबंद पाकाला वाट बघण्याची सवय नसते.

स्वयंपाकघरात मला एकच काम होतं, ताटाला तूप लावायचं. ते मी इतकं मन लावून करायचो की तूप संपायचं. मग आजी वड्या थापायची, वाटीच्या बुडाने सारख्या करायची आणि सुरीने रेघा ओढायची. ताट गोल, वड्या चौकोनी. त्यामुळे कडेला तिरकी, कुठे टोकदार, कुठे चपटी तुकडी उरायची. चौकोन डब्यात जायचे, पाहुण्यांसाठी. कडा आमच्या. त्यांच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पुढे घराच्या वाटणीवरूनही झाली नाहीत. आजही मला कुणी नीट कापलेली वडी दिली की आपल्याला परक्यात काढलं, असं वाटतं.

गोळी वळली. पातेलं उतरवलं. खरं काम इथून पुढे. लाकडी चमच्याने घोटत राहायचं, दहा मिनिटं तरी. आधी नुसतं तपकिरी, चकाकणारं काहीतरी गोलगोल फिरत असतं. खांदा भरून येतो. मग कधीतरी चमच्याचा आवाज बदलतो. सुळसुळ जाऊन खरखर येते, चकाकी मावळते, कडेने साखर धरायला लागते. त्या क्षणी ओतलं तर टॅब्लेट. जरा थांबलात तर ते पातेल्यातच मुक्काम करतं.

ओतलं. आता जरा घट्ट होईपर्यंत बसायचं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे स्कॉटलंडमध्ये लेडी ग्रिझेल बेली नावाच्या बाई होत्या. त्यांच्या घरखर्चाच्या वहीत पोरांसाठी घेतलेल्या टॅब्लेटची नोंद सापडते. या बाईंची आणखी एक गोष्ट इथे सांगतात. वडील राजाच्या माणसांपासून लपून चर्चखालच्या तळघरात राहिलेले, आणि ही मुलगी जेवताना ताटातलं गुपचूप ओच्यात टाकून रात्री त्यांना नेऊन द्यायची. एकदा तिने मेंढीचं अख्खं डोकं लपवलं, तर धाकटा भाऊ ओरडला, "आई, हिने सगळं एकटीने संपवलं!" हीच पुढे पै-पैचा हिशेब लिहिणारी बाई झाली, आणि त्या हिशेबात पोरांचा खाऊ आहे.

क्लाइड नदीच्या काठाने ग्रीनॉकला गेलं की गोदीपाशी विटांची लांबलचक साखरेची गोदामं दिसतात. तिथे १७६५ साली कच्ची साखर शुद्ध करायला सुरुवात झाली, ती १९९७ साली कायमची थांबली. साखर यायची वेस्ट इंडीजमधून. तिथला ऊस १८३०च्या दशकापर्यंत गुलामांनी तोडलेला. मी तिथे उभा होतो तेव्हा मला मात्र कराडचा रस्ता दिसत होता. थंडीत उसाच्या बैलगाड्या यायच्या, आम्ही मागून धावत जाऊन कांडी उपसायचो. उसावर एक बाई बसलेली असायची, मांडीवर मूल. ती आम्हाला कधी ओरडली नाही. बघायची नुसती. ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' धरतात, हे मला फार उशिरा कळलं. दोन माणसं, एक कोयता. तिच्या मांडीवरचं पोर तर मोजणीतच नसणार.

या सगळ्यात टॅब्लेटवर रेघा ओढायच्या राहून गेल्या. उठून पाहिलं तर दगड. सुरी लागेना. शेवटी पालथं घालून बत्त्याने फोडलं. एकही चौकोन निघाला नाही.

सगळ्या कडाच.